हॉपकिन्स–मेरीलँड लॅक्रॉस: पहिला सामना पाहायला जाताना

एप्रिल संपत आला की बॉल्टिमोरच्या चार्ल्स स्ट्रीटवर फिकट निळे आणि लालभडक टी-शर्ट एकाच फुटपाथवर दिसू लागतात. लायब्ररीतली, लॅबमधली एरवी शांत असणारी माणसं अचानक एकमेकांना शनिवारचं विचारू लागतात. जॉन्स हॉपकिन्स आणि युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड यांच्यातला लॅक्रॉसचा सामना जवळ आलेला असतो. लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीनं चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. मास्टर्ससाठी आलेल्या आपल्या मुलामुलींपैकी बरीच जण दोन वर्षं या गावात काढून हा सामना न पाहताच निघून जातात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा लेख. खेळाचं नावही ऐकलं नसेल तरी चालेल, पायरीपायरीनं जाऊ.

पायरी १: आधी नावं नीट लावून घ्या

विद्यापीठाचं नाव ‘जॉन्स’ हॉपकिन्स आहे, ‘जॉन’ नाही. संस्थापकाचं पहिलं नावच तसं होतं. मैदानावर नुसतं ‘हॉपकिन्स’ किंवा ‘हॉप’ म्हणतात. संघाचं नाव ब्लू जेज, रंग फिकट निळा आणि काळा.

समोरचा संघ कॉलेज पार्क या गावचा. मेरीलँड राज्यात ‘युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड’ हे शब्द नावात असलेल्या संस्था एकाहून अधिक आहेत. आपली अनेक मुलं बॉल्टिमोर काउंटीच्या विद्यापीठात शिकतात, तो संघ वेगळा. या सामन्यातलं मेरीलँड म्हणजे कॉलेज पार्कचं मुख्य विद्यापीठ. संघाचं नाव टेरापिन्स, बोलताना ‘टर्प्स’. टेरापिन हे तिथल्या खाडीतलं कासव. रंग राज्याच्या झेंड्यातले, म्हणजे लाल, पांढरा, काळा, सोनेरी. कॉलेज पार्कला सामना असेल तर लायब्ररीसमोरच्या टेस्टूडो नावाच्या कांस्य-कासवाचं नाक चोळून पुढे जायची रीत आहे. परीक्षेआधीही मुलं ते चोळतात, त्यामुळे नाक कायम चकचकीत असतं.

पायरी २: हे वैर कुठून आलं ते समजून घ्या

ही पायरी गाळू नका. मागची गोष्ट माहीत नसेल तर सामना म्हणजे दोन संघांची पळापळ, एवढंच दिसेल.

लॅक्रॉस हा मुळात उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा खेळ. हॉडेनोशोनी लोक आजही त्याला निर्मात्याची देणगी मानतात, आणि त्यांचा स्वतःचा राष्ट्रीय संघ जागतिक स्पर्धांत उतरतो. ‘लॅक्रॉस’ हे नाव मात्र फ्रेंचांनी दिलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ बॉल्टिमोरला आला आणि इथे असा रुजला की इथल्या मुलांच्या हातात बॅट यावी तशी लॅक्रॉसची काठी येते. २००४ साली मेरीलँड राज्यानं त्याला अधिकृत सांघिक खेळाचा दर्जाही दिला.

हॉपकिन्समध्ये हा खेळ १८८३पासून आहे. दोन्ही संघ पहिल्यांदा भिडले १८९५ साली. तेव्हा कॉलेज पार्कच्या संस्थेचं नाव मेरीलँड ॲग्रिकल्चरल कॉलेज होतं. त्यानंतर शंभराहून अधिक सामने झाले. १९२८मध्ये ॲमस्टरडॅम ऑलिंपिकला प्रदर्शनी सामन्यांसाठी अमेरिकेतर्फे कुणी जायचं, हे ठरवायला निवड सामने झाले. त्यात हॉपकिन्सनं मेरीलँडला हरवून जहाज गाठलं. घरापासून पन्नासेक किलोमीटरवर राहणाऱ्या शेजाऱ्यानं ऑलिंपिकची वाट अडवली, तर ते पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहणारच.

सत्तरचं दशक तर दोघांचंच होतं. १९७३च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात मेरीलँडनं हॉपकिन्सला दुसऱ्या जादा वेळेत १०–९ असं हरवलं. निर्णायक गोल करणारा फ्रँक उर्सो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. पुढच्याच वर्षी पुन्हा तेच दोघे अंतिम सामन्यात, आणि या वेळी हॉपकिन्स १७–१२. प्रशिक्षक बॉब स्कॉट यांचा तो शेवटचा मोसम. १९७९ला पुन्हा दोघे, आणि सामना चक्क कॉलेज पार्कच्या मैदानावर. मेरीलँडच्या अंगणात येऊन हॉपकिन्सनं १५–९ असा चषक उचलला. १९८७मध्ये मेरीलँड एकही सामना न हरता उपांत्य फेरीत पोचलं होतं. तिथे हॉपकिन्सनं त्यांना थांबवलं आणि मग विजेतेपदही घेतलं.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. एनसीएए या अमेरिकी कॉलेज-खेळांच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्यापासून हॉपकिन्सची विजेतेपदं नऊ, शेवटचं २००७चं. मेरीलँडची चार: १९७३, १९७५, २०१७ आणि २०२२. १९७५ आणि २०१७ यांच्यामध्ये बेचाळीस वर्षं गेली. त्या काळात मेरीलँड अनेकदा अंतिम सामन्यात पोचलं आणि हरलं. त्यातच २०११, २०१२, २०१५, २०१६ अशी सहा वर्षांत चारदा जखम झाली. २०१७ला ओहायो स्टेटला ९–६ हरवलं तेव्हा कॉलेज पार्कला पन्नाशी-साठी उलटलेली माणसं रडताना मी पाहिली आहेत. २०२२चा मोसम तर त्यांनी १८ पैकी १८ सामने जिंकून संपवला.

आणि हॉपकिन्स? इतिहासाचा ढीग त्यांच्याकडे मोठा, पण अलीकडचा काळ मेरीलँडचा. २०१५च्या राष्ट्रीय उपांत्य सामन्यात मेरीलँडनं त्यांना १२–११ असं एका गोलानं हरवलं, तो सल अजून निघतो. माझ्या मते या वैराची खरी धार इथे आहे. हॉपकिन्समध्ये पदवीचे विद्यार्थी साधारण सहा हजार, मेरीलँडमध्ये तीस हजारांच्या घरात. हॉपकिन्सचे बाकी सगळे खेळ तिसऱ्या श्रेणीत खेळले जातात, पहिल्या श्रेणीत फक्त लॅक्रॉस, मुलांचं आणि मुलींचं. मेरीलँडला बास्केटबॉल आहे, फुटबॉल आहे, हरल्यावर मन रमवायला दुसरं मैदान आहे. हॉपकिन्सला नाही. त्यांचं सगळं या एका जाळीत पडलेलं असतं.

विजेत्याला काय मिळतं? लाकडात कोरलेला भलामोठा खेकडा! चेसापीक उपसागराचा निळा खेकडा ही या राज्याची ओळख, म्हणून. सामना संपल्यावर घामानं भिजलेली पोरं तो खेकडा खांद्यावर घेऊन मैदानभर धावतात. ते पाहायला शेवटपर्यंत थांबाच.

पायरी ३: खेळ एवढा तरी शिकून जा

मैदान साधारण १०० मीटर लांब, ५५ मीटर रुंद. प्रत्येक बाजूला दहा जण: एक गोलरक्षक, तीन बचावपटू, तीन मिडफिल्डर, तीन आक्रमक. हातात काठी, काठीच्या टोकाला जाळी. चेंडू भरीव रबराचा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा लहान आणि थोडा हलका. पण चांगला खेळाडू तो ताशी १४०–१५० किलोमीटर वेगानं मारतो. गोल फक्त सहा फूट बाय सहा फूट. सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार पावांचा, म्हणजे क्वार्टर्सचा.

काठ्यांची लांबी वेगवेगळी असते. आक्रमकांच्या काठ्या साडेतीन फुटांच्या आत, बचावपटूंच्या सहा फुटांपर्यंत. लांब काठी दिसली की बचावपटू, एवढी खूण पहिल्या दिवशी पुरते. एका वेळी लांब काठ्या चारच.

गोलभोवतीच्या वर्तुळाला ‘क्रीझ’ म्हणतात. आपल्या कानाला ओळखीचा शब्द, पण इथे ती गोलरक्षकाची हद्द. आक्रमकाचं पाऊल त्यात पडलं की केलेला गोल बाद होतो. गोलच्या मागेही तेरा-चौदा मीटर मैदान असतं आणि कितीतरी डाव तिथूनच रचले जातात. चेंडू गोलमागे गेला म्हणजे हल्ला संपला असं समजू नका, उलट तेव्हा सावध बसा. गोलरक्षकाला मागे वळून चेंडूवर नजर ठेवावी लागते, आणि त्याच क्षणी पुढून कुणीतरी क्रीझकडे झेपावतो.

आता तीन गोष्टी ज्या नवख्याला हमखास चकवतात.

पहिली: प्रत्येक गोलनंतर मध्यावर फेस-ऑफ होतो. दोन खेळाडू जमिनीवर वाकून, काठ्या चेंडूच्या दोन बाजूंना टेकवून बसतात आणि शिट्टी वाजताच चेंडू ओढायची झटापट. फुटबॉलमध्ये गोल खाणाऱ्याला चेंडू मिळतो, इथे तसं नाही. ज्याचा फेस-ऑफवाला भारी तो संघ गोल करून पुन्हा चेंडू घेऊ शकतो. म्हणून पाच गोलांची आघाडीही इथे सुरक्षित नसते. हे काम करणारे खास खेळाडू असतात. चेंडू जिंकला की ते बहुतेक वेळा लगेच बाहेर पळतात आणि त्यांच्या जागी दुसरा आत येतो.

दुसरी: फटका गोलबाहेर गेला, तर सीमारेषेपाशी चेंडू जिथे बाहेर गेला तिथे ज्याचा खेळाडू सगळ्यात जवळ, त्याला चेंडू मिळतो. म्हणून कुणी फटका मारला की संघातला एक जण आधीच मागच्या रेषेकडे धावत असतो. चुकलेल्या फटक्यामागे इतकी जिवाची धाव का, हे पहिल्या दिवशी मला कळतच नव्हतं.

तिसरी: अदलाबदल खेळ चालू असतानाच होते. मध्यरेषेपाशी खेळाडूंच्या बाकांसमोर एक चौकट आखलेली असते. तिथून एक बाहेर आला की दुसरा आत. हल्ला थांबला, बचाव सुरू झाला की मिडफिल्डर त्या चौकटीकडे धावतात. त्या काही सेकंदांत जो संघ ढिला पडतो, त्याच्यावर पळता हल्ला होतो.

घड्याळही लक्षात असू द्या. चेंडू ताब्यात आल्यापासून ८० सेकंदांत फटका मारावाच लागतो. कबड्डीत तीस सेकंदांच्या चढाईत शेवटच्या पाच सेकंदांना जो ताण येतो, अगदी तो. नियमभंग झाला की खेळाडू अर्ध्या मिनिटापासून तीन मिनिटांपर्यंत बाहेर बसतो आणि त्याचा संघ एकानं कमी खेळतो. बरोबरी झाली तर चार-चार मिनिटांची जादा वेळ, पहिला गोल पडला की सामना तिथल्या तिथे संपतो. १९७३च्या त्या अंतिम सामन्याच्या आठवणी लोक अजून का सांगतात, ते अशी जादा वेळ एकदा पाहिली की कळतं.

पायरी ४: तारीख आणि तिकीट

मुलांचा मोसम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मेच्या अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून, राष्ट्रीय अंतिम सामन्यानं संपतो. हे दोन संघ सहसा नियमित मोसमाच्या शेवटी, एप्रिलच्या अखेरीस भेटतात. मैदान आलटून पालटून, एक वर्ष बॉल्टिमोर, पुढचं कॉलेज पार्क. २०१५पासून हॉपकिन्सही लॅक्रॉसपुरतं मेरीलँड ज्यात आहे त्या बिग टेन या विद्यापीठांच्या गटात आलं आहे, त्यामुळे मेच्या सुरुवातीला गटाच्या स्पर्धेत आणि नंतर राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा गाठ पडू शकते.

जानेवारीत दोन्ही संघांचं वेळापत्रक पाहून तारीख कॅलेंडरवर टाका. विद्यार्थी असाल तर ओळखपत्रावर काय सवलत आहे ते आपल्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आधीच विचारा. हॉपकिन्सच्या मैदानात, म्हणजे होमवूड फील्डवर, साडेआठ हजार माणसं मावतात. या सामन्याला ते भरतं, म्हणून बॉल्टिमोरच्या वर्षी आदल्या दिवसावर ठेवू नका. कॉलेज पार्कचं स्टेडियम अमेरिकन फुटबॉलचं आहे, तिथे जागेची चिंता नाही, पण तसा कोंदटलेला आवाजही नाही. माझं मत विचाराल तर पहिला सामना बॉल्टिमोरलाच पाहा.

पायरी ५: पोचायचं कसं

वॉशिंग्टनहून बॉल्टिमोरला येताना युनियन स्टेशनहून मार्क रेल्वेची पेन लाइन घ्या आणि बॉल्टिमोरच्या पेन स्टेशनला उतरा. तिथून होमवूड फील्ड चार्ल्स स्ट्रीटनं सरळ उत्तरेला, साधारण तीन किलोमीटर. हवा चांगली असेल तर चालत जा. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात. परतीची वेळ आधी पाहून ठेवा, कारण सामना जादा वेळेत गेला तर गाडी चुकू शकते.

बॉल्टिमोरहून कॉलेज पार्कला जाताना एक चूक बरेच जण करतात. नकाशावर कॅमडेन लाइन थेट कॉलेज पार्कला जाताना दिसते, पण ती फक्त आठवड्याच्या कामाच्या दिवशी धावते. शनिवारी चार-पाच जणांनी मिळून गाडी करणं सगळ्यात सोयीचं, पाऊण ते एक तास लागतो. वॉशिंग्टनमध्ये राहणाऱ्यांना मेट्रोची ग्रीन लाइन कॉलेज पार्क स्टेशनपर्यंत नेते, पुढे चालत किंवा बसनं.

पाठीवरची मोठी सॅक नेऊ नका. पारदर्शक पिशवीचा नियम मोठ्या स्टेडियममध्ये कडक असतो. आणि एक जास्तीचा स्वेटर नक्की घ्या. एप्रिलचं दुपारचं ऊन फसवं असतं, सूर्य स्टँडमागे गेला की बोटं गारठतात. खायला फ्राइज घ्या, वर ओल्ड बे मसाला भुरभुरलेले. बॉल्टिमोरचा तो मसाला मूळ खेकड्यांवर घालायचा. सेलरीचं मीठ, पॅप्रिका, मिरी असा त्याचा स्वाद, आपल्या जिभेला लगेच आपलासा वाटणारा.

पायरी ६: बसायचं कुठे, बघायचं काय

पहिल्यांदा जाताना अगदी खालच्या रांगेत बसू नका. मध्यरेषेच्या आसपास, मध्यम उंचीवर बसा, म्हणजे अदलाबदलीची चौकट आणि दोन्ही गोल नजरेत राहतात.

आणि चेंडूमागे डोळे पळवू नका. माझा पहिला सामना मी असाच घालवला. चेंडू जाळीत दडलेला, काठी सतत हलणारी, एक गोल झाला तरी तो कसा झाला हे कळेना. शेजारी बसलेल्या एका आजोबांच्या ते लक्षात आलं. काठी सोड, पायांकडे बघ, असं त्यांनी समजावलं. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्याकडे नाही, तर त्याला अडवायला दुसरा बचावपटू कोणत्या क्षणी आपला गडी सोडून धावतो, तिकडे बघायचं. तो धावला की मागे कुणीतरी मोकळा राहतो, चेंडू दोन-तीन फेकींत त्याच्यापर्यंत पोचतो आणि गोल पडतो. आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला हे पटकन कळेल: पाटी अडवणारा एका बाजूला झुकला की दुसरी बाजू उघडी पडते. तिसऱ्या पावात मला एक गोल होण्याआधी दिसला. त्या दिवसापासून मी या खेळाचा झालो.

पहिल्या पावात फक्त फेस-ऑफ मोजा, कोण किती जिंकतोय. दुसऱ्या पावात गोलरक्षकाकडे बघा. या खेळात आलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त फटके अडवणारा गोलरक्षक चांगला समजतात, म्हणून दहा-बारा गोल खाल्ले म्हणजे तो वाईट खेळला असं नाही. दोन्ही संघांचे मिळून वीस-पंचवीस गोल सहज होतात. उत्तरार्धात कुणी काही मोजायला सांगायची गरज पडत नाही.

पायरी ७: आवाज आणि रीत

होमवूडला हॉपकिन्सनं गोल केला की बँडच्या साथीनं सगळं मैदान एकापासून आतापर्यंतचे गोल मोजतं आणि शेवटी ‘वी वाँट मोअर’ असं ओरडतं. बारावा गोल असेल तर बारापर्यंत. सामील व्हा, लाजू नका. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्यमंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ओरडलेला गळा असेल, तर तो इथे कामाला येतो. मेरीलँडवाले ‘फिअर द टर्टल’ म्हणतात. त्यांची संख्या परगावच्या सामन्यातही मोठी असते, कारण निम्मं बॉल्टिमोर कॉलेज पार्कलाच शिकलेलं असतं. एकाच घरात भाऊ हॉपकिन्सचा, बहीण मेरीलँडची, आणि आईबाप मध्ये बसलेले, हे चित्र इथे नेहमीचं आहे.

वैर जुनं असलं तरी स्टँडमध्ये ते शिवीगाळीपर्यंत उतरलेलं मी पाहिलेलं नाही. समोरच्या गोलरक्षकाला टोमणे मिळतात, पण खेळाडू जखमी होऊन खाली बसला की दोन्ही बाजू शांत होतात आणि तो उठला की दोन्ही बाजू टाळ्या वाजवतात. खेळाडूंच्या घरचे आजूबाजूलाच बसलेले असतात, हे बोलताना ध्यानात ठेवा. कुणाची बाजू घ्यायची हे ठरलं नसेल तर पांढरा किंवा करडा शर्ट घाला. शेजारी दोन्हीकडचे असतील, दोघेही तुम्हाला खेळ समजावतील.

पायरी ८: मुलींचा सामना चुकवू नका

हा वेगळाच खेळ आहे म्हटलं तरी चालेल. बारा-बारा जणी, अंगावर धडक मारायला बंदी, डोळ्यांवर संरक्षक जाळी, आणि फेस-ऑफऐवजी मध्यावर उभ्यानं चेंडू हवेत उडवायची पद्धत. काठीची जाळी उथळ, म्हणून चेंडू सांभाळायला हात जास्त तयार लागतो. मेरीलँडच्या मुलींनी एनसीएएची १४ विजेतेपदं मिळवली आहेत. त्यातली सात तर १९९५ ते २००१ अशी ओळीनं सलग. पुरुषांच्या सामन्याची गर्दी नसते, पुढच्या रांगेत जागा मिळते, आणि खेळ समजायला हा सोपा पडतो. मी तर नव्या मंडळींना एप्रिलच्या मोठ्या सामन्याआधी सरावाला म्हणून मुलींचा एखादा सामना दाखवून आणतो.

घरच्यांना दाखवायचं असेल तर

भारतातून आई-बाबा विचारतील, हा कुठला खेळ? त्यांना सांगा, २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस परत येतोय. तोही सहा-सहा जणांचा छोटा प्रकार, क्रिकेटच्या जोडीनं. आणि हा निर्णय झाला तो आपल्या मुंबईत, ऑक्टोबर २०२३मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. १९०८नंतर प्रथमच या खेळाला पदक मिळणार आहे.

सामना तिकडून पाहायचा असेल तर एप्रिलमध्ये भारतीय वेळ बॉल्टिमोरच्या साडेनऊ तास पुढे असते. दुपारी बाराचा सामना असेल तर तिकडे रात्रीचे साडेनऊ, जेवणं उरकून बघता येतो. संध्याकाळी सहाचा असेल तर तिकडे पहाटेचे साडेतीन, तेव्हा त्यांना झोपू द्या आणि खेकड्याचा फोटो सकाळी पाठवा.